तसेंच आणखी एखादें

‘द ऑफिस’ ही अमेरिकन मालिका २००५ पासून २०१३ पर्यंत चालली. कागद विकणारी कचेरी, तेथील क्षुल्लक कुरबुरी आणि ‘मी सर्वांचा लाडका’ या भ्रमांत वावरणारा साहेब, एवढेंच तिचें कथानक. ती पाहून संपतांच आमचीं नातवंडें ‘तसेंच आणखी एखादें’ शोधूं लागलीं. मीं १९८८ सालच्या ‘वागळे की दुनिया’चें नांव घेतलें; बहुमत २०२० सालच्या ‘पंचायत’कडे गेलें.

तींत ग्रामसचिव चाकांची नवी खुर्ची आणतो आणि तिच्यावरून नवरदेव रुसतो. सारें घर पोट धरून हंसलें. साम्य कचेरींत नसतेंच. फुटकळ मानासाठीं मोठा झगडा मांडणाऱ्या मनुष्यस्वभावांत असतें. मीहि हंसत होतों, पण मध्येंच थबकलों. वर्गांतील माझ्या खुर्चीवर गमतीनें बसलेल्या एका मुलास मीं पूर्वीं छड्या मारल्या होत्या. वर्ग चिडीचूप झाला होता; त्यास मीं आदर समजलों होतों.

“आजोबा, अगदीं असेंच दुसरें सांपडेल का हो?” नातीनें विचारलें.

“सांपडलें,” मीं म्हटलें, आणि त्या खुर्चीची हकीकत सर्वांस सांगितली. या वेळीं मात्र कोणी हंसलें नाहीं.