बढती

गेलीं सहा वर्षें आमच्या घरीं पुस्तकांचीं पार्सलें आणून देणारा तरुण परवां शेवटचें पार्सल घेऊन आला. “सर, उद्यांपासून मी ट्रकवर, पुणें ते नागपूर,” तो म्हणाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, हलक्या वाहनाच्या परवान्यास वर्ष लोटल्यावांचून जड मालमोटारीचा शिकाऊ परवानाहि मिळत नाहीं. ती पायरी त्यानें केव्हांच ओलांडली होती; कंपनीनें आतां पगारहि वाढविला.

आम्हीं अभिनंदन केलें, पण मन किंचित् खट्टू झालें. सदाशिव पेठेंतील कोणत्या जिन्याची पायरी मोडकी, कोणत्या आजीबाई दुपारीं निजतात, हें त्याचें सारें ज्ञान आतां वायां जाणार. यापुढें तो टनावारी माल सातशें किलोमीटर नेईल, पण दार कोणाचेंच ठोठावणार नाहीं. आम्हीं तसें बोलून दाखवितांच तो हसला. “सर, जिने चढून गुडघे गेले. आणि मुलीची फी आहेच.”

आम्ही वरमलों. विभागप्रमुख झाल्यापासून आमचे विद्यार्थीहि आम्हांस दुरावले आहेत, आणि तें पद आम्हीं पगाराकडे पाहूनच पत्करलें होतें.

जिना उतरतां उतरतां तो थांबला. “तुमची घंटा वाजत नाहीं, हें नव्या मुलाला सांगून ठेवलें आहे, सर.”