दिवा हिरवा, नेट नाही

बऱ्याच वाय-फाय एक्स्टेंडरच्या बुडाशी एक चौकोनी खोबण असते. तिच्यात लॅनची वायर खोचली की शेजारचा हिरवा दिवा लुकलुकायला लागतो. गिऱ्हाईक तो दिवा मला दाखवतं आणि म्हणतं, "भाऊ, लाईट तर लागलीय, पण नेट येईना गेलंय." बीड जिल्ह्यात केजला हेच, धारूरला हेच, अंबाजोगाईलाही हेच. दिवा खोटं बोलत नाही, पण त्याची साक्ष फार तोकडी असते. पीसीपासून एक्स्टेंडरपर्यंतची हातभर वायर धड आहे, एवढंच तो सांगतो. पुढं एक्स्टेंडर ते राउटर हा हवेतला पल्ला आणि राउटरच्या पलीकडची फायबर, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं.

हवेतून आलेलं नेट पुन्हा वायरीत कशाला घालायचं, असं कुणी विचारतं. आमच्याकडं त्याला कारण आहे. गावातली जुनी घरं माळवदाची, दगडाच्या भिंती दोन-दोन हात जाड. फायबरचा डबा एका टोकाला आणि दुकान दर्शनी खोलीत. पाच गिगाहर्ट्झची लहर पहिल्याच भिंतीत दमते. दोन पॉइंट चारची कशीबशी पलीकडं पोचते. त्यातून दुकानातला जुना पीसी आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर यांना वाय-फाय नसतंच, नुसतं लॅनचं तोंड. मग एक्स्टेंडरनं हवेतून घ्यायचं आणि वायरीनं द्यायचं.

मी गेल्या गेल्या वायरीला हात लावत नाही. काळी खिडकी उघडून आयपी कॉन्फिगची आज्ञा देतो आणि पत्ता वाचतो. 169.254 नं सुरू होणारा पत्ता दिसला की अर्धं काम झालं. पीसीनं "मला पत्ता द्या" म्हणून हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक पत्ता लावून घेतला, असा त्याचा अर्थ. पत्ता वाटण्याचं काम राउटरचं. एक्स्टेंडर नुसता निरोप्या. म्हणजे निरोप मधेच अडलाय. पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग करतो. उत्तर आलं तर राउटरपर्यंतचं सगळं ठीक, दोष राउटरमध्ये नाहीतर त्याच्या पुढं. एका वेळी एकच टप्पा विचारायचा. एकदम सगळं बंद-चालू केलं तर नेट येतंही, पण कशानं आलं ते कळत नाही आणि चार दिवसांनी पुन्हा फोन येतो.

2023 च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा भरता यायला लागला, तेव्हाची गोष्ट. जुलैअखेर, धारूरकडच्या एका गावातलं सेवा केंद्र. ओसरीत माणसं सातबारा आणि पासबुक हातात घेऊन बसलेली. केंद्रवाल्यानं वायर बदलली होती, पीसी दुसऱ्यांदा चालू केला होता. दिवा हिरवा, पत्ता 169.254. एक्स्टेंडर प्लगातून काढून उजेडाला धरला, तेव्हा बाजूचा बारीक सरकता खटका दिसला. कुणीतरी धूळ पुसताना तो एक्स्टेंडरवरून अॅक्सेस पॉइंटवर गेला होता.

इथं मला नेहमी बीडची खजाना विहीर समजावून सांगायला बरी पडते. निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बांधलेली ही विहीर. काही भुयारांतून पाणी आत येतं आणि एका भुयारातून शेतीकडं बाहेर जातं. एक्स्टेंडरची ती खोबणही तशीच, फक्त एकच भुयार दोन्ही कामं करतं. एक्स्टेंडर असताना तिच्यातून नेट बाहेर निघतं. अॅक्सेस पॉइंट केलं की तीच खोबण राउटरकडून येणाऱ्या वायरीची वाट बघत बसते. पीसी तिच्याकडं मागतोय आणि ती पीसीकडं मागतेय. खटका सरकवला, एक्स्टेंडर पुन्हा चालू केला आणि पहिला अर्ज गेला. एक आजोबा म्हणाले, "एवढ्याशा खटक्यापायी आम्ही सकाळधरनं बसलोय व्हय?"

डीव्हीआरची तक्रार वेगळी आणि जास्त चकवणारी. राउटरमध्ये त्याच्या मॅक अॅड्रेसला, म्हणजे यंत्राच्या ओळखीच्या आकड्याला, ठरावीक पत्ता बांधून दिलेला असतो, तरी मिळतो भलताच. पुष्कळसे घरगुती एक्स्टेंडर आपल्यामागच्या यंत्रांची ओळख जशीच्या तशी पुढं नेत नाहीत; राउटरशी बोलताना स्वतःचीच, नाहीतर स्वतः बनवलेली ओळख लावतात. राउटरच्या यादीत डीव्हीआर वेगळ्याच मॅक अॅड्रेसनं हजर असतो. यादीत जो दिसतो त्यालाच पत्ता बांधायचा. डीव्हीआरच्या स्टिकरवरचा आकडा इथं कामाचा नाही.

बाकी रोजचे रोग किरकोळ. लॅन वायरीच्या प्लगचं लॉक तुटलेलं, किंवा उंदरानं कुरतडलेली वायर. स्वस्त एक्स्टेंडरची खोबण बहुधा शंभर एमबीपीएसची असते. तिला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात. निळी-तपकिरी तुटली तरी तिचं अडत नाही. लाईट गेली की मात्र वेगळा घोळ. परळीचं वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात, पण लाईट जायची ती जातेच. ती आली की एक्स्टेंडर आधी उठतो, फायबरचा डबा सावकाश, आणि पीसी तोवर हाका मारून थकलेला. म्हणून डबा, मग एक्स्टेंडर, शेवटी पीसी, असा क्रम मी भिंतीवर लिहून येतो.

माझं खरं मत विचाराल तर दुकानाला एक्स्टेंडर नकोच. वायरीवरच्या यंत्रांनाही भिंतीत दमलेलंच नेट मिळतं; आणि वाय-फायवर मोबाइल जोडले तर एकच रेडिओ राउटरचं ऐकणार आणि मोबाइलशी बोलणारही, त्यात त्यांचा वेग निम्म्यावर येतो. माळवदावरून पाइपात घालून चांगली वायर टाकली, तर शंभर मीटरपर्यंत काळजी नाही. केंद्रवाल्याला तेच सांगितलं. तो म्हणाला, "भोक पाडायचं म्हटलं की आई ऐकत नाही. दिवाळीनंतर बघू." म्हणून त्या दिवशी खटक्यावर चिकटपट्टी लावली आणि वर पेनानं 'हात लावू नये' असं लिहिलं.