यंत्राचा निवाडा आणि आमची सत्तरी

म्हातारपण म्हटले की विसरभोळेपणा आलाच, असे म्हणून आमच्या वाडवडिलांची पिढी पुढे चालू लागे. आम्हांस ती सोय उरलेली नाही. विस्मृतीमागील एका कारणाचे आता छायाचित्र काढता येते आणि ते संगणक वाचून दाखवितो. आमच्या थोरल्या भगिनींची अखेरची वर्षे विस्मृतीत गेली. म्हणून आम्हीही ही तपासणी करून घ्यावी, असा मुलांचा आग्रह आहे. आग्रहामागे माया आहे. त्यामुळेच उत्तर देण्यापूर्वी हे यंत्र नेमके काय सांगते, ते समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

१९०६ साली आलोइस अल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनी आपल्या एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत साचलेल्या द्रव्याचे वर्णन केले. ते द्रव्य म्हणजे अमायलॉइड नावाचे प्रथिन. पुढे जवळजवळ शंभर वर्षे ते पाहण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता : मृत्यूनंतर मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली धरणे. पिट्सबर्ग व उप्साला येथील संशोधकांनी ते जिवंत माणसाच्या मेंदूत पेट स्कॅनवर दाखविले, ते संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. शिरेतून दिलेले किंचित किरणोत्सर्गी औषध ह्या प्रथिनाला चिकटते आणि चित्रात ती जागा उजळते.

निरोगी मेंदूच्या चित्रात आतला पांढरा भाग उजळ, तर बाहेरचा करडा भाग फिका दिसतो. अमायलॉइड साचले की करडा भागही उजळतो आणि दोहोंमधील सीमा पुसट होते. तज्ज्ञ डॉक्टर हे डोळ्यांनी पारखतात. संगणकाची रीत हिशेबी आहे. तो प्रत्येक मेंदू एका प्रमाण नकाशावर बसवितो, करड्या भागातील ठरावीक ठिकाणांचा उजेड मोजतो आणि त्यास लहान मेंदूतील उजेडाने भागतो. कारण तेथे हे प्रथिन सहसा फारसे साचत नाही. फ्लोरबेटापीर ह्या औषधासाठी संशोधनात १.११ ही रेषा रूढ आहे. भागाकार तिच्या वर गेला तर 'आहे', खाली राहिला तर 'नाही'. नव्या प्रणाली तर पूर्वीची असंख्य चित्रे पाहून ही पारख स्वतःच शिकतात.

ह्या पारखीला माणसांच्या दानाचा आधार आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयुष्याच्या अखेरीस पोहोचलेल्या ५९ जणांचे स्कॅन झाले आणि मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. बहुतेकांच्या बाबतीत चित्राची साक्ष खरी ठरली.

तरीही रेषा ती रेषाच. १.१० आणि १.१२ ह्यांच्यामध्ये निसर्गाने भिंत उभारलेली नाही. शिवाय 'आहे' म्हणजे आजार नव्हे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली असे आढळले की, स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांतही वयाच्या ५०व्या वर्षी सुमारे १० टक्के, तर ९०व्या वर्षी सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड असते. त्यांतील कित्येक जण आपली माणसे ओळखतच जगाचा निरोप घेतात.

विस्मृती खरोखर सुरू झालेल्यांसाठी ह्या स्कॅनचे मोल मोठे आहे. लेकानेमॅब व डोनानेमॅब ही अमायलॉइड काढून टाकणारी औषधे अनुक्रमे २०२३ व २०२४ साली अमेरिकेत पूर्णपणे मान्य झाली. ती आजार बरा करीत नाहीत, त्याची चाल थोडी मंदावतात. मेंदूस सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोकाही असतो. स्कॅनवाचून ती कोणास द्यावीत, हे ठरविणे कठीण. परंतु लक्षणे नसताना, केवळ घरात कोणास हा आजार होता म्हणून स्कॅन करू नये, असे अमेरिकी तज्ज्ञांनी २०१३ सालीच सुचविले होते.

मुलांपुढे आम्ही हे सारे मांडले. विसर पडू लागलाच तर प्रथम साध्या तपासण्या कराव्यात. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा नैराश्य ह्यांमुळेही स्मृती मंदावते आणि त्यांवर उपचार आहेत. तोवर एका भागाकाराची सावली रोजच्या जेवणावर पडू द्यावयाची नाही, असा आमचा निर्णय. मुलांनी तो मानला. धाकट्या कन्येने मात्र अट घातली : लक्षणे जाणवली तर ती आम्ही लपवावयाची नाहीत. ती अट आम्ही मान्य केली आहे.