कमरेतलं इंजेक्शन आणि माझा हट्ट



गेल्या महिन्यात आमच्या घरी नात आली. बाळ पायाळू, म्हणून सिझेरियन आधीच ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, उद्या कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणार आहेत." मी पटकन बोलून गेले, "नको गं बाई, जन्माची कंबरदुखी लागते. पूर्ण भूलच घे." ती बिचारी गप्प बसली. रात्री मुलाला म्हणाली, "आई म्हणतात तर पूर्णच घेते." ते कानावर पडलं आणि माझी झोप उडाली. कॉमर्स शिकलेली मी, हिशेब न मांडता सल्ला दिला होता!

माझं सिझेरियन १९८८ साली पूर्ण भुलीत झालं. लेकाचं पहिलं रडणं सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून. तो सुरुवातीला जरा सुस्त होता, असं सासूबाईंनी मागाहून सांगितलं.

सकाळी वाशीला हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. पूर्ण भुलीचं औषध आईच्या रक्तातून वारेवाटे बाळापर्यंत जातं. त्यामुळे बाळ थोडा वेळ पेंगुळलेलं राहू शकतं, श्वासाला मदत लागू शकते. कमरेतल्या भुलीत औषध अगदी थोडं, बाळापर्यंत नगण्य पोचतं. पण तिथेही जपावं लागतं. आईचं बीपी उतरलं तर बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून सलाईन आणि बीपीचं औषध तयार ठेवतात. कायमची कंबरदुखी त्या इंजेक्शनाने लागत नाही. काहींना पुढचे काही दिवस डोकं दुखतं, त्यावर उपाय आहेत.

मग पूर्ण भूल वाईटच का? तसंही नाही. फार रक्तस्राव, रक्त गोठण्याचा दोष किंवा बाळाला मिनिटांत बाहेर काढायची वेळ, तेव्हा तीच जीव वाचवते. अशा वेळी घरच्यांनी अडून बसू नये.

बाळाला जन्मताच गुण देतात, ती अपगार पद्धतही एका भूलतज्ज्ञ बाईचीच देणगी. अमेरिकेच्या डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी ती १९५२ मध्ये आखली. ठोके, श्वास, रंग, हालचाल, प्रतिसाद. प्रत्येकी २, एकूण १०. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला मोजतात.

आणखी एक, आपल्या चौविहार करणाऱ्या लेकीसुनांसाठी: ठरलेल्या ऑपरेशनआधी साधारण ६ तास अन्न बंद असतं, साधं पाणी मात्र बहुधा २ तास आधीपर्यंत चालतं. नियम असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

सूनबाईने कमरेतलीच भूल घेतली. मी बाहेर नवकार म्हणत बसले होते. नातीला पहिल्या मिनिटाला ८, पाचव्याला ९ गुण मिळाले. तिचं पहिलं रडणं तिच्या आईने ऐकलं, आणि गालाला गाल लावून घेतला.

पर्युषणात कल्पसूत्रात ऐकतो ना आपण, आईला त्रास नको म्हणून महावीर प्रभू गर्भात निश्चल राहिले आणि त्रिशलामातेचा जीव कासावीस झाला. मग त्यांनी हालचाल केली. माया असली तरी समोरच्याला काय हवंय ते समजून घ्यावं लागतं. तेच मी विसरले होते.

घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्." ती हसली आणि नात माझ्या मांडीवर दिली.