चिलखताचे वय

दिल्लीत २०११ साली कॉमिक कॉन प्रथम भरले आणि चित्रकथांतील वीरांची सोंगे घेण्याचा छंद, कॉसप्ले, आम्हां कारकुनांपर्यंतही येऊन पोहोचला. पस्तिशीत हे शोभते का, असे कचेरीत विचारतात. विचारोत बापडे!

फोमचे चिलखत रुपेरी रंगात न्हाले की नव्या नवरदेवासारखे दिसते, आणि तेथेच ते खोटे ठरते. म्हणून पातळ काळा ॲक्रिलिक रंग फासावा व ओला असतानाच फडक्याने पुसावा. खाचांत काजळी राहते. मग जवळजवळ कोरडा रुपेरी कुंचला कडांवरून ओझरता फिरवावा. पण कोठे? खरी मौज येथे आहे. शत्रूच्या उजव्या हातचा वार आपल्या डाव्या खांद्यावर उतरणार. तलवारीची मूठ घासते तेथला रंग उडणार. सर्वत्र सारखेच ओरखडे काढणाऱ्यांचे मला हसू येते.

दिवसभर मी इतरांच्या सेवापुस्तकांतील वयाच्या नोंदी तपासतो. येथे वय मी स्वतः ठरवतो. मागे एका मुलाने खांद्यावरच्या खोल चरावर बोट ठेवून विचारले, हा कुठल्या लढाईतला? सांगायला मला अर्धा तास लागला.