पुन्हा पुन्हा चोंदणारा डिझेल फिल्टर

डिझेल फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या आधी एकदा चोंदला, तर एखाद्या पंपावरचे खराब डिझेल हे कारण असू शकते. तो वारंवार चोंदू लागला, तर बिघाड टाकीकडच्या बाजूला शोधावा लागतो. नवा फिल्टर बसवला की गाडी चालू लागते आणि मूळ दोष तसाच राहतो. प्रस्तुत लेखकाच्या जुन्या सहाचाकी ट्रकला एका पावसाळ्यानंतर पाच आठवड्यांत तीन फिल्टर लागले, ते याच कारणाने.

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर व्यवस्थित धावे. पुण्याहून माल भरून साताऱ्याकडे निघाली, की खंबाटकीच्या चढात मात्र दम टाकी. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही ओढ मिळत नसे. ओझ्याखाली इंजिनला डिझेल जास्त लागते आणि चोंदलेल्या कागदातून ते तेवढे येत नाही, म्हणून हा दोष आधी घाटात दिसतो. दहा मिनिटे थांबल्यावर तीच गाडी पुन्हा ओढू लागे. ही खूण महत्त्वाची होती आणि ती सुरुवातीला कोणीच लक्षात घेतली नाही. ओढ थांबली की टाकीतल्या नळीच्या गाळणीला चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो. नुसता फिल्टर चोंदला असेल, तर थांबल्याने एवढा फरक पडत नाही.

तिसऱ्या फिल्टरनंतर नोझल आणि पंप उतरवण्याचा सल्ला मिळाला. त्या खर्चात पडण्यापूर्वी सोप्या तपासण्या करून घेतल्या. पहिली टाकीच्या झाकणाची. झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले, तर डिझेल उपसले जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पुरवठा तुटतो. गाडी दम टाकत असताना झाकण सैल केले. फरक पडला नाही. दुसरी तपासणी हवेची. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीखाली असते, त्यामुळे तिथला सैल जोड बाहेर थेंबही न गाळता आत हवा घेऊ शकतो. फीड पंपाआधी हातभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवले. बुडबुडे आले नाहीत. एअर धरल्याचा संशय तिथे मिटला.

मग काढलेला फिल्टर फेकून न देता पत्रा कापून उघडला. हे काम पहिल्याच फिल्टरच्या वेळी व्हायला हवे होते. तांबूस कण दिसले तर टाकी गंजते आहे, पांढरट मेणचट थर दिसला तर थंडीने डिझेल गोठते आहे, असा अंदाज बांधता येतो. या कागदावर काळी, बुळबुळीत साय होती. टाकीच्या तळाच्या बोल्टातून निघालेले डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी दोन बोटे पाणी, त्याच्यावर काळसर पडदा आणि वर डिझेल, असे तीन थर स्पष्ट दिसले.

डिझेल लिटरला सुमारे 830 ग्रॅम भरते, म्हणून पाणी नेहमी त्याच्या खाली बसते. या दोहोंच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. पाण्यात राहतात आणि डिझेलवर पोसतात. ट्रक पावसाळ्यात दीड महिना अर्ध्या टाकीवर उभा होता. रिकाम्या भागातल्या दमट हवेतल्या वाफेचे रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन तळाशी पाणी साचत गेले. झाकणाचे रबरही चिरलेले निघाले.

टाकी उतरवून, रिकामी करून, धुऊन वाळवली. नळीची गाळणी आणि झाकणाचे रबर बदलले, डिझेलच्या नळ्या हवेने साफ केल्या. रिकाम्या टाकीजवळ वेल्डिंग किंवा विडी-काडी कधीही होऊ देऊ नये. उरलेली वाफ पेट घेते. नवा फिल्टर लावल्यावर हॅण्ड प्रायमरने एअर काढली. नळ्यांत उरलेला गाळ येणार हे धरून तो फिल्टर 1,000 किलोमीटरवरच बदलला.

कॉमन रेल इंजिनांत ही हयगय फार महाग पडते. तिथे डिझेलचा दाब 1,600 बार आणि त्याहूनही वर जातो आणि पंप-नोझलच्या भागांतली फट काही मायक्रॉनचीच असते. पाण्याने तिथले वंगण तुटते, पृष्ठभाग गंजतात. सेपरेटरमधले पाणी पावसाळ्यात आठवड्याला काढावे, मुक्कामाला गाडी भरल्या टाकीने उभी करावी आणि प्रत्येक फिल्टरवर तारीख व किलोमीटर खडूने न लिहिता पक्क्या रंगाने लिहावेत.

टाकी धुतल्यानंतरचा दुसरा फिल्टर पूर्ण मुदत चालला. कापून पाहिला तेव्हा कागद तपकिरी झाला होता. काळी साय कुठेही नव्हती.