शंभर फुटांमागे एक रुपया

नागपूरच्या आमच्या वस्तीत पावती पुस्तक घेऊन दारात उभे राहिले की माणसे न विचारता जयंतीची वर्गणी काढून देतात. यंदा आम्ही सिकलसेलच्या संशोधनासाठी निधी मागितला, आणि त्यासाठी २६ जानेवारीला अकरा जण कळसूबाई चढणार असे सांगितले. लोक चक्रावले. "पैसे द्यायचे तर द्या, डोंगर कशाला चढता?" असे एका काकांनी विचारले. प्रश्न रास्तच होता. पण नुसते पैसे मागितले असते तर पावती फाडून विषय संपला असता. डोंगराचे नाव काढले म्हणून लोकांनी ओट्यावर बसवून घेतले, आणि बसल्यावर आजाराचे बोलता आले.

ते बोलणेच अवघड. विदर्भात हा आजार आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. ज्यांच्या बापजाद्यांना विटाळ म्हणून दूर ठेवले, त्यांना आपल्या रक्तात काही आहे हे ऐकवत नाही. एक आई दार लोटून घेत म्हणाली, "हळू बोला, पोरीची सोयरीक व्हायची आहे."

म्हणून आम्ही घरोघर विज्ञान सांगितले. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे फुटल्यासारख्या वेदना होतात. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे या गुणाची वाहक बालके मलेरियातून जास्त वाचली, म्हणून हा गुण टिकला. यात ना पाप, ना मागचा जन्म. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा कोणताच बदल नसेल, तर मुलांना हा आजार होत नाही. वाहकाने लग्न करू नये असे कोणीच म्हणत नाही. दोघांनी आधी रक्त तपासावे, एवढेच.

कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. भाजीवाल्या मावशींनी शंभर फुटांमागे एक रुपया कबूल केला, तिथल्या तिथे ५४ रुपये मोजून दिले आणि बजावले, "उतरायचे वेगळे मिळणार नाहीत." प्रवासखर्च आम्ही पदरचा केला.

पावत्या लिहिणारी आमची दहावीतली मुलगी स्वतः या आजाराची रुग्ण. तिला वर नेणे शक्य नव्हते. दमछाक, थंडी, पाणी कमी पडणे, यातल्या कशानेही वेदनेचा झटका येतो. ती पायथ्याच्या बारी गावात, शाल पांघरून, हिशेबाची वही घेऊन बसली. आम्ही लोखंडी शिड्या चढताना धापा टाकत होतो, तेव्हा एक जण म्हणाला, "ही धाप आपली दोन तासांची. तिला जिना चढतानाही लागते." त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

शिखरावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो. बाजूला उभे राहून त्रिसरण-पंचशील घेतले, संविधानाची उद्देशिका वाचली. समोर अलंग, मदन, कुलंग स्वच्छ दिसत होते. वारा इतका की कागद दोघांना धरावा लागला.

निधी जमला ३१,४५० रुपये. २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत या आजारावरील जनुकीय उपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर ठेवली गेली. आमच्या पैशात त्याचा थेंबही येणार नाही. पण सगळेच संशोधन तसले नसते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध जुने. ते कमी मात्रेत दिल्यास मुलांचे वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी होते, हे नागपुरातल्याच अभ्यासातून २०१२ साली प्रसिद्ध झाले. भारतातला सिकलचा जनुकप्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळा, म्हणून आपल्या मुलांचा अभ्यास आपल्याकडेच व्हायला हवा. ते पैसे एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अशाच कामासाठी दिले. पावती विहाराच्या फलकावर लावली आहे.

त्याच आठवड्यात नऊ जणांनी रक्ततपासणीसाठी नावे दिली. दार लोटून घेणारी ती आई रात्री उशिरा आली आणि मुलीचे नाव लिहून गेली. मुलाकडच्यांनाही सांगणार आहे म्हणाली. अहवाल अजून यायचे आहेत.